परत केलेला इसार

खराडीच्या सर्जेरावांना नारळ विकणं हे चंदननगरच्या बाजारातलं सगळ्यात जिकिरीचं काम होतं. ते नारळ आधी उजव्या कानाशी हलवत, मग डाव्या, मग बायकोच्या, म्हणजे सोजरबाईंच्या, कानाशी धरून तिची साक्ष काढत. एवढं करून घेतलेला नारळ घरी गोड निघाला तरी समाधान नसे. "वरवरचे गोड ठेवत्यात. खालचे बघायला पायजे व्हते," असं म्हणून ते खोबरं खात.

हा संशय त्यांनी आईच्या पोटातून आणला नव्हता. तो जमिनीबरोबर आला. खराडीत ज्वारी पिकत होती तोवर सर्जेरावांना कुणी शेठ म्हणत नव्हतं. मग कंपन्या यायला लागल्या, आणि पांढऱ्या गाड्यांतून माणसं बांधावर उतरायला लागली. चुलतभाऊ महिपतीने एका गोडबोल्या दलालाच्या विश्वासावर कोऱ्या कागदावर सही केली, आणि वडिलोपार्जित रान कधी गेलं ते त्याला सातबारा बघितल्यावर कळलं. सर्जेरावांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. स्वतःचं रान त्यांनीही विकलं, चांगलं विकलं, पण त्यानंतर त्यांचा कुणावर म्हणून विश्वास राहिला नाही. राहत्या इमारतीच्या लिफ्टवरसुद्धा नाही. गुडघे कुरकुरले तरी ते तिसऱ्या मजल्यावर जिन्यानेच चढत.

माणूस पारखायची त्यांची एक ठरलेली रीत होती. जमिनीचा व्यवहार ठरला की घेणारा थोडी रक्कम आगाऊ देतो, तो इसार. बाकीचे लोक इसार मिळाला की पेढे वाटतात. सर्जेराव दोन-चार दिवस गप्प बसत, मग तीच नोटांची पुडी घेऊन घेणाऱ्याच्या दारात जात आणि समोर ठेवून म्हणत, "हा तुमचा इसार. आपल्याला जमत न्हाई." समोरच्याने मुकाट्याने पुडी खिशात घातली, तर त्याच्या मनात आधीपासूनच काळंबेरं होतं असं समजायचं. आणि तो तणतणला, भांडला, पुडी परत हातात कोंबून "आता मागं फिरायचं न्हाई" म्हणाला, तर माणूस खरा. ज्या बिल्डरला त्यांनी अखेर जमीन दिली त्याने म्हणे डोळ्यांत पाणी आणलं होतं. ते पाणी खरं होतं का, याचा विचार सर्जेराव अजून अधूनमधून करत.

सोजरबाईंच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं होतं. सुपारी फुटल्यावर लोणी काळभोरला निरोप धाडला की सोयरीक मोडली, नारळ परत घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सोजरबाईंचे वडील काठी घेऊन भावकीतल्या चौघांसह एसटीतून उतरले आणि अंगणात उभे राहून म्हणाले, "पोरगी दिली म्हंजे दिली. कोन मोडतोय ते भायेर या!" सर्जेराव न्हाणीत लपले होते, आणि तिथल्या तिथे खूश झाले होते. माल अस्सल आहे याची खात्री पटली होती. सोजरबाईंनी हा किस्सा त्यांना जन्मभर ऐकवला.

पण हीच रीत त्यांनी लेकीवर वापरली, आणि तिथे घात झाला.

उत्कर्षा कॉम्प्युटर शिकली आणि त्यांच्याच रानावर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत नोकरीला लागली. सर्जेरावांना अभिमान वाटे, आणि एवढी माणसं दिवसभर आत बसून नेमकं करतात काय, असा संशयही येई. तिथेच तिला आनंद भेटला. आनंदचे वडील बद्रीनाथ वाशिमकडचे, कारखान्यात नोकरी करायला आलेले, विश्रांतवाडीत दोन खोल्यांत राहिलेले. समाज वेगळा. सर्जेरावांनी ऐकल्याबरोबर निदान केलं, "पोराचा जमिनीवर डोळा हाय." बद्रीनाथ आणि त्यांची बायको दुर्गाबाई रीतसर मागणी घालायला आले, तेव्हा सर्जेरावांनी चहाच्या कपाबरोबर कागद पुढे केला. जमिनीवर, पैशावर, कशावर आमचा हक्क नाही असं लिहून द्या. बद्रीनाथांनी खिशातलं पेन काढून लगेच सही केली. त्यामुळे तर सर्जेराव आणखीच बिथरले. इतक्या सुखासुखी सही करतो तो माणूस साधा कसा असेल?

पाहुणे गेल्यावर ते लेकीला म्हणाले, "करायचं तर कर. पर मग हे घर तुझं न्हाई."

हे म्हणजे पुडी समोर ठेवणं होतं. आता पोरगी रडेल, भांडेल, पाय धरेल, आणि मग आपण म्हणू की बरं बाई, घे करून. उत्कर्षा त्यांचीच मुलगी. तिने एका पिशवीत कपडे भरले, आईच्या पाया पडली आणि जिना उतरून गेली. सर्जेराव गॅलरीत फाटकाकडे बघत उभे राहिले. ती परत येईल म्हणून त्यांनी त्या दिवशी दाराला कडीसुद्धा लावू दिली नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि त्यांच्या वतीने मी सांगतो आहे हे कळलं तर मलाही दारात उभं करायचे नाहीत.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. नवरा-बायको नोकरीसाठी चेन्नईला गेले. सोजरबाई दर गुरुवारी लेकीशी फोनवर बोलत, तेव्हा सर्जेराव टीव्हीचा आवाज वाढवत आणि कान मात्र फोनकडे ठेवत. मुलगा साईनाथ बहिणीची खुशाली मुद्दाम मोठ्याने सांगे. बापलेकीत मात्र अक्षराची देवाणघेवाण नव्हती. पाच दिवाळ्या अशाच गेल्या.

आणि एके दिवशी साईनाथने जेवताना सांगितलं, "आबा, ताईने फ्लॅट घेतलाय. वास्तुशांत आहे. तुमची दोघांची विमानाची तिकिटं पाठवलीत."

सोजरबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. सर्जेरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला, आणि मग म्हणाले, "बघू." वास्तुशांतीला माहेरचा आहेर लागतो. माहेरचं माणूस पाटाशी आलं नाही, तर चार सासरच्या बायका आपसांत बघतात आणि पोरीला मान खाली घालावी लागते. हे सर्जेरावांना कुणी शिकवायला नको होतं. सोजरबाई दुसऱ्याच दिवशी लक्ष्मी रोडला जाऊन लेकीला पातळ, जावयाला पोशाख आणि वजनदार पितळी समई घेऊन आल्या. समई विमानात नेऊ देतात का, ही चौकशी त्यांनी इमारतीतल्या सगळ्यांकडे केली.

सर्जेरावांना रात्री झोप लागली ती हसत लागली. पण सकाळी जाग आली तीच संशयाने. तिकीट खरं कशावरून?

ते छापलेला कागद घेऊन बायपासजवळच्या प्रवासी कचेरीत गेले. तिथे श्रद्धा नावाची मुलगी बसायची. साईनाथ आयटीतल्या पोरांसाठी वसतिगृह चालवायचा, ती पोरं तिच्याकडूनच तिकिटं काढत. तिने कागद पाहिला, कॉम्प्युटरवर नंबर टाकला.

"खरं आहे, काका. आणि चांगलं तिकीट आहे. फ्लेक्सी."

"म्हंजे?"

"म्हणजे जायचं रद्द झालं तर जवळजवळ सगळे पैसे परत मिळतात. तारीख पण बदलता येते. साध्या तिकिटापेक्षा महाग असतं."

"म्हाग कशापायी?"

"ती सोय असते ना, परत मिळण्याची. तिचेच जास्त घेतात."

सर्जेराव कागदाची घडी घालत बाहेर आले. रस्त्याच्या कडेला उभे राहिले. लोहगावच्या दिशेने एक विमान डोक्यावरून गेलं. जन्मभर ती विमानं त्यांच्या रानावरून जात होती आणि त्यांनी कधी मान वर केली नव्हती. आज केली. पोरीने जादा पैसे मोजलेत. कशासाठी? परत घेता यावं म्हणून. ज्याला व्यवहार करायचा असतो तो परत घेण्याची तजवीज करत नाही. परतीची वाट ठेवून इसार देणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो पुढे बुडव्या निघाला. म्हणजे बोलावणं वरवरचं आहे. लोकांत दिसायला बोलवायचं, म्हातारा येणार नाही हे धरून चालायचं, आणि पैसे परत घ्यायचे.

आता याला सरळ उपाय होता. फोन उचलून विचारायचं, "पोरी, असलं तिकीट का काढलंस?" पण विचारायला बोलणं चालू असावं लागतं. मग राहिली ती जुनीच रीत.

दोन-चार दिवस त्यांनी काढले. मग पुन्हा श्रद्धासमोर जाऊन कागद ठेवला. "रद्द करून टाक."

"काका, ज्यांनी काढलं त्यांना विचारलंत का? पैसे त्यांच्याच कार्डवर जातील. त्यांना मेसेज पण जाईल."

"जाऊ दे की. कळाया पायजेच तिला."

"नक्की?"

"पोरी, मी बाप हाय तिचा."

श्रद्धाने दोन-तीन ठिकाणी बटण दाबलं. झालं. सर्जेरावांना ते फार लवकर झाल्यासारखं वाटलं. पुडी समोर ठेवायची तर घेणाऱ्याच्या घरी जावं लागतं, पाणी येतं, चहा येतो, माणसाचा चेहरा दिसतो. इथे काही दिसलंच नाही.

घरी येऊन ते फोनशेजारी बसले. आता पोरगी तणतणत फोन करणार. "आबा, तिकीट रद्द करायची हिंमत कशी झाली तुमची?" असं म्हणणार, लोणी काळभोरच्या आजोबांसारखी. त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं. फोन वाजला तो साईनाथच्या भाडेकऱ्याचा, पाण्याची टाकी भरली नाही म्हणून. पुढे रात्र झाली, दुसरा दिवस गेला. गुरुवार आला, आणि त्या गुरुवारी उत्कर्षाचा आईलाही फोन आला नाही.

सर्जेराव पुन्हा कचेरीत. "पैसं गेलं का तिला? का तुमच्या कंपनीनंच गिळलं?"

श्रद्धाने पाहून सांगितलं, "परत गेले, काका. पूर्ण प्रक्रिया झाली."

"घेतलं तिनं? काय बोलली न्हाई?"

"त्यात बोलायचं काय असतं? कॉम्प्युटरच देतो आपोआप. त्यांना काही करावं लागत नाही."

पण हे वाक्य सर्जेरावांच्या कानात शिरलंच नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. पुडी समोर ठेवली, आणि पोरीने मुकाट्याने खिशात घातली. ते जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसून राहिले. आपला संशय खरा ठरला याचं सुख त्यांना आजवर नेहमी व्हायचं. या वेळी झालं नाही.

घरात सोजरबाई समई जुन्या धोतरात गुंडाळत होत्या. त्यांना अजून पत्ताच नव्हता. सर्जेराव त्या गाठोड्याकडे बघत आणि नजर चुकवत. पोरीचा फोन नाही म्हणून शेवटी सोजरबाईंनीच लावला. मग सर्जेरावांनी बायकोचा चेहरा बदलताना पाहिला आणि टीव्हीचा आवाज वाढवायला हात पुढे केला. सोजरबाईंनी फोन ठेवला, येऊन टीव्ही बंद केला.

"आवो, तिकिटं रद्द केली तुमी?"

सर्जेराव रिमोट शोधायला लागले.

"पोरगी सांगतीया, आई, आबांनी पैसं परत केलं. मेसेज आला. आता मी कुठल्या तोंडानं बोलवू? चार दिस रडतीया ती!"

"मग तिनं तसलं तिकीट काढलं कशापायी? परत घ्यायचं? इचार तिला!"

"इचारलं मी! त्यो बिल्डर चावी देतो देतो म्हनून सारखी तारीख पुढं ढकलतोय. मुहूर्त हलला तर आईबापाचं तिकीट फुकट जायाला नको म्हनून पदरचं जादा घालून काढलं तिनं. बिल्डर, आवो! तुमाला बिल्डर म्हाईत न्हाई व्हय?"

सर्जेरावांना बिल्डर माहीत नव्हता असं खराडीत कुणी म्हणालं नसतं. त्यांच्याच इमारतीचा ताबा देताना त्यांच्या बिल्डरने त्यांना दोन गणपती आणि एक दिवाळी फिरवलं होतं. जगातल्या सगळ्या शक्यता त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या होत्या, आणि एवढी सोपी गोष्ट सुचली नव्हती.

"म्या आपलं पारखून बघितलं," ते हळू आवाजात म्हणाले. "ती भांडंल असं वाटलं."

सोजरबाई खाली बसल्या. आवाज उतरला होता, पण शब्द उतरला नव्हता. "माझा बाप काठी घिऊन आला, कारन तुमी त्याला मानसाकरवी निरोप धाडला व्हता. लेकीला निरोप कुनी दिला? मशिनीनं. मशिनीशी काय भांडायचं पोरीनं? आन् पयल्यांदा तरी कुठं भांडली ती? जा म्हनालात, गेली. ती तुमची हाय, सर्जेराव. तिला बी वाटतं समोरच्यानं येऊन हात धरावा."

नवऱ्याचं नाव सोजरबाईंनी उखाण्याबाहेर पहिल्यांदाच घेतलं होतं. सर्जेराव उठले, पायांत चपला घातल्या आणि बाहेर पडले.

श्रद्धा त्यांना पाहून जरा धास्तावलीच. "काका, पैसे खरंच परत गेलेत."

"ते ऱ्हाऊ दे. चेन्नईची दोन तिकिटं काढ. तीच तारीख. पैसं माझं."

"फ्लेक्सी काढू? थोडेसेच जास्त पडतील."

"न्हाई. परत मिळत न्हाई ते हाय का?"

"आहे. सगळ्यात स्वस्त. पण काका, रद्द केलंत तर हातात काही येणार नाही."

"लेखी हाय का तसं?" सर्जेरावांनी बारीक डोळे केले. "न्हाईतर आत्ता न्हाई म्हनाल आन् मागनं द्याल."

श्रद्धाने हसू दाबलं आणि नियम काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "हितं लिवलंय, कराचं थोडं परत मिळतं."

"हो, तेवढे मिळतात."

"ते बी नको असतील तर?"

"तशी सोय नाही, काका."

"बरं," ते नाराजीने म्हणाले आणि पैसे मोजले.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन लावला. पाच वर्षांनी. पलीकडून "हॅलो" आलं. कसंबसं म्हणाले, "मी बोलतोय. तिकीट काढलं. परत न होनारं."

अगदी कोरड्या आवाजात उत्कर्षा म्हणाली, "साईनाथला नंबर पाठवायला सांगा. तपासते."

फोन ठेवताना सर्जेरावांच्या चेहऱ्यावर न्हाणीत लपलेल्या दिवसाचं हसू होतं. माल अस्सल होता.

निघायला थोडे दिवस उरले असताना साईनाथ तोंड पाडून आला. "आबा, ताईचा मेसेज आहे. बिल्डरने पुन्हा शेंडी लावली. चावी पुढच्या महिन्यात. वास्तुशांत पुढे गेली. ती म्हणते, आता येऊन काय करणार, पैसे गेले तर गेले, मुहूर्ताला नवीन तिकीट पाठवते."

सर्जेरावांनी मान वर केली. "पैसं गेलं तर गेलं? माझं पैसं?"

"अहो पण आबा, घरच नाही तर वास्तुशांत कसली?"

"विमान तर हाय ना? समई भरा."

मी सांगतो, हातात फ्लेक्सी तिकीट असतं तर सर्जेराव त्या दिवशी ते रद्द करून घरी बसले असते. बसल्या बसल्या त्यांना वाटलं असतं की बिल्डर हे निमित्त आहे, पोरीला बोलवायचंच नव्हतं. अशीच आणखी पाच वर्षं गेली असती. संशयी माणसाला सोय दिली की तो तिचा आपल्याच गळ्याला फास लावून घेतो.

विमानात त्यांनी पट्टा तीनदा ओढून पाहिला. लोहगावहून वर चढल्यावर खिडकीतून खराडी दिसली. काचेच्या इमारतींत त्यांनी आपलं रान शोधलं, पण ते ढगात गेलं.

चेन्नईच्या विमानतळावर आनंद एकटाच उभा होता. पाया पडला. संकोचून म्हणाला, "उत्कर्षा म्हणाली, ते येणार नाहीत, उगाच हेलपाटा घालू नकोस. मी म्हटलं, बघून तरी येतो." सर्जेरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पाच वर्षं ज्याला ते डाव साधणारा समजत होते, तो पोरगा त्यांच्या हातातलं समईचं गाठोडं घ्यायला पुढे झाला होता. त्यांनी ते दिलं. सर्जेरावांनी गाठोडं दुसऱ्याच्या हातात दिलेलं सोजरबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

भाड्याच्या घराचं दार उत्कर्षाने उघडलं. ती आईच्या गळ्यात पडली, पण डोळे बापावरच होते. सर्जेराव उंबऱ्याबाहेर उभे. पोरीच्या नजरेत त्यांनी स्वतःचीच नजर ओळखली. नारळ हलवून बघायची.

"आबा," ती म्हणाली, "परतीचं कधीचं आहे?"

"काढलं न्हाई."

"का?"

त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. गॅलरीचं, दाराच्या कडीचं, दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीचं.

"चावी मिळूस्तवर हितंच हाय," ते म्हणाले. "तू न्हाई म्हनालीस तरी."

उत्कर्षा दारातून बाजूला झाली, आणि तिने बापाचा हात धरून त्यांना आत घेतलं.